तीन संगणक, एक सामायिक एक्स्टर्नल ड्राइव्ह आणि त्याच त्या फाइली: बॅकअप एकदाच कसा साठवावा?

अडगळ

आमच्याकडे विंडोजचा एक डेस्कटॉप, विंडोजचाच एक लॅपटॉप आणि एक मॅकबुक अशी तीन यंत्रे आहेत आणि त्या तिघांत फिरणारी २ टीबीची एक एक्स्टर्नल ड्राइव्ह आहे. ती तिन्हीकडे वाचता-लिहिता यावी म्हणून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली आहे. फोनमधले फोटो आधी ज्याच्या त्याच्या संगणकावर उतरतात, मग सवड मिळेल तेव्हा कोणीतरी ते ड्राइव्हवर टाकते, पण संगणकावरची प्रत काढून टाकण्याचे धाडस कोणी करत नाही. स्कॅन केलेली कागदपत्रे, जुने प्रकल्प आणि गाण्यांचे फोल्डर यांचीही हीच कथा आहे.

आता बॅकअपसाठी ४ टीबीची नवी ड्राइव्ह घेतली आहे. डेस्कटॉपवर सुमारे ६०० जीबी, लॅपटॉपवर ४००, मॅकवर ३०० आणि सामायिक ड्राइव्हवर १.४ टीबी, म्हणजे एकूण २.७ टीबी डेटा आहे. एक प्रत मावेल, पण जुन्या आवृत्त्याही ठेवायच्या म्हटले तर जागा लवकरच संपेल, आणि यातला बराचसा डेटा तोच तो आहे हे मला ठाऊक आहे.

माझे प्रश्न असे आहेत. एकच फोटो चार ठिकाणी असला तरी बॅकअपमध्ये त्याची एकच प्रत राहावी, हे साध्य होते का? सामायिक ड्राइव्हचा बॅकअप तिघांपैकी कोणत्या संगणकाने घ्यावा? आणि बॅकअप सुरू करण्याआधी दुहेरी फाइली शोधून उडवून टाकाव्यात का?

चौकट

सॉफ्टवेअरचे नाव सुचवण्याआधी एक गोष्ट विचारतो. सामायिक ड्राइव्हवर जे आहे ते मूळ आहे की प्रत आहे? तुमच्या वर्णनावरून उत्तर "दोन्ही" असे दिसते. काही फोटो फक्त तिथेच असतील, काही तिथेही असतील आणि संगणकावरही असतील, आणि कोणते कुठे हे कोणालाच सांगता येणार नाही. अशा ड्राइव्हकडे बहुतेक घरांत "तिथे बॅकअप आहे" अशा समजुतीने पाहिले जाते आणि त्या समजुतीपायी तिचा स्वतःचा बॅकअप कधीच घेतला जात नाही. मॅकमधली टाइम मशीन ही बॅकअपची सोयसुद्धा मॅकला जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हना आपणहून वगळलेल्यांच्या यादीत टाकते, त्यामुळे मॅकचा बॅकअप चालू आहे म्हणून ड्राइव्ह सुरक्षित आहे, असे धरून चालू नका.

दुसरे असे की तुम्ही दोन वेगळ्या अडचणी एकत्र मांडल्या आहेत. बॅकअपच्या आत तोच डेटा पुन्हा पुन्हा साठवला जाणे ही जागेची अडचण आहे आणि ती प्रोग्रॅम सोडवतो. माणसांच्या फोल्डरांत तीच फाइल चार जागी असणे ही आवराआवरीची अडचण आहे आणि ती तुम्हालाच सोडवावी लागेल. पहिलीसाठी दुसरी आधी सुटण्याची मुळीच गरज नाही. किंबहुना क्रम उलटा ठेवा: आधी सगळे आहे तसे, गबाळ्यासकट, बॅकअपमध्ये जाऊ द्या, आवराआवर नंतर करा. आवरताना चुकीची प्रत उडाली तर परत आणण्यासाठी तेव्हा काहीतरी हाताशी असेल.

पारवा

यावरचा जुना उपाय हार्डलिंकचा, म्हणजे डिस्कवरच्या एकाच डेटाला अनेक ठिकाणी फाइल म्हणून दाखवण्याचा आहे. आरसिंक हा प्रोग्रॅम १९९६पासून आहे. त्याला आधीच्या बॅकअपचे फोल्डर दाखवले की न बदललेल्या फाइलींची नवी प्रत न करता तो जुन्या प्रतीकडे हार्डलिंक करतो. प्रत्येक तारखेचे फोल्डर उघडले की सगळ्या फाइली पूर्ण दिसतात, पण डिस्कवर जागा फक्त बदललेल्यांची जाते. २००७ साली मॅकच्या लेपर्ड या आवृत्तीबरोबर आलेली टाइम मशीन मुळात याच तत्त्वावर चालत असे. बॅकअपपीसी आणि अर्बॅकअप हे सर्व्हर-पद्धतीचे प्रोग्रॅम त्याच्या पुढे जाऊन अनेक संगणकांवरच्या एकसारख्या फाइली ओळखतात आणि एकदाच साठवतात.

या पद्धतीचे मोठे सुख हे की परत मिळवताना कोणताही खास प्रोग्रॅम लागत नाही. फाइल दिसते, ती उचलायची. उणिवा मात्र तुमच्या बाबतीत नेमक्या जागी बोचतील. नुसत्या आरसिंकला नाव किंवा फोल्डर बदललेली फाइल नवीच वाटते, त्यामुळे कोणी "नवीन फोल्डर (२)" चे नाव बदलून "सहलीचे फोटो" केले की ते सगळे पुन्हा साठवले जातात. लॅपटॉपवरचा फोटो आणि ड्राइव्हवरचा तोच फोटो यांचा परस्परसंबंधही त्याला कळत नाही. शिवाय एक्सफॅटमध्ये हार्डलिंक ही सोयच नाही, तेव्हा ४ टीबीची ड्राइव्ह एक्सफॅट ठेवली तर हा मार्ग तिथेच संपतो.

निळी शाई

पारवा यांनी सांगितलेल्या मर्यादांमुळेच मी तुकड्यांच्या पद्धतीकडे वळा असे म्हणेन. रेस्टिक, बोर्ग, कोपिया आणि डुप्लिकसी हे या घराण्यातले नावाजलेले प्रोग्रॅम आहेत. फाइलचे नाव काय, ती कोणत्या संगणकावर आहे, कोणत्या फोल्डरात आहे, याच्याशी साठवणुकीचा संबंध राहत नाही. फाइल वाचून तिचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून ठरणारा ठशासारखा क्रमांक, काढला जातो (रेस्टिकमध्ये एसएचए-२५६), आणि त्या हॅशचा तुकडा भांडारात (बॅकअप जिथे साठतो तिथे) आधीपासून असला तर फक्त त्याची नोंद होते. लॅपटॉपवरचा फोटो आणि ड्राइव्हवरचा तोच फोटो यांचे तुकडे सारखेच पडणार, म्हणून दुसऱ्या वेळी डेटा साठवला जात नाही, मग नाव काहीही असो.

तुकडे कुठे पाडायचे यातच खरी खुबी आहे. दर १ एमबीला एक अशी ठरावीक मापे घेतली आणि कोणी फाइलच्या सुरुवातीला दहा बाइट घातले, तर पुढचा सगळा मजकूर दहा बाइटांनी सरकतो आणि एकही जुना तुकडा जुळत नाही. म्हणून हे प्रोग्रॅम मजकुरावरूनच सीमा ठरवतात. रेस्टिक ६४ बाइटांची एक खिडकी फाइलवरून सरकवत नेतो, प्रत्येक ठिकाणी रॅबिन फिंगरप्रिंट काढतो, आणि त्या संख्येत ठरलेला नमुना आला की तिथे तुकडा तोडतो. अधेमध्ये मजकूर घातला तरी त्याच्या आसपासचा एखाद-दुसरा तुकडा बदलतो आणि पुढे सीमा पुन्हा जुन्याच जागी जुळतात. तुकडा किमान ५१२ केबी, कमाल ८ एमबी आणि सरासरी १ एमबीच्या आसपास असतो. मोठ्या ईमेल-फाइली किंवा व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क रोज थोड्या बदलतात, तिथे याचा फायदा डोळ्यांत भरतो.

कोणता निवडावा? बोर्ग उत्तम आहे, पण त्याला विंडोजवर थेट चालण्याचा अधिकृत आधार नाही, आणि एकाच भांडारात अनेक संगणकांनी लिहिले तर प्रत्येकाला आपली स्थानिक नोंदवही पुन्हा जुळवत बसावे लागते. त्याचे दस्तऐवजच प्रत्येक संगणकाला वेगळे भांडार द्यायला सुचवतात. वेगळे भांडार म्हटले की संगणकांमधला दुहेरीपणा तसाच राहिला. रेस्टिक आणि कोपिया दोन्ही विंडोजवर आणि मॅकवर चालतात आणि एक भांडार अनेक संगणकांनी वापरावे हे त्यांना मान्य आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याचा कंटाळा असेल तर कोपियाला स्वतःची खिडकी-बटणांची बाजू आहे. मी रेस्टिक वापरत असल्याने पुढचे त्याच्याविषयीच खात्रीने लिहू शकेन.

एक अट ध्यानात ठेवा: एक भांडार, एक किल्ली. प्रत्येक संगणकासाठी वेगळे भांडार उघडले तर प्रोग्रॅम कितीही हुशार असला तरी एका भांडारातला तुकडा दुसऱ्याला दिसत नाही.

वाटसरू

इतका खटाटोप कशाला? सगळे एखाद्या क्लाउडच्या फोल्डरात टाका, ते तिन्ही संगणकांवर आपोआप सारखे राहील.

चौकट

वाटसरू, सारखे राहील हीच तर अडचण आहे. एका संगणकावर फोल्डर चुकून उडाले किंवा खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या की तो बदलही तितक्याच तत्परतेने इतर दोन्हींवर पोहोचतो. कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण त्यांची मुदत दुसरे कोणीतरी ठरवते. सिंक जरूर वापरावे, फक्त त्याला बॅकअपच्या जागी बसवू नये.

सिंक वापरणाऱ्यांसाठी एक सूचना याच ओघात करतो. जागा वाचवण्यासाठी फाइली "फक्त ऑनलाइन" ठेवल्या असतील तर संगणकावर नुसती नावापुरती फाइल असते. बॅकअप प्रोग्रॅम तिला वाचायला गेला की ती एक तर डाउनलोड होऊ लागते किंवा वगळली जाते, आणि दोन्ही गोष्टी नको तेव्हा कळतात. निदान एका संगणकावर अशा सगळ्या फाइली कायम उतरवलेल्या ठेवा आणि त्यांचा बॅकअप तिथूनच घ्या.

अडगळ

तुकड्यांचे समजले आणि पटले. मात्र सामायिक ड्राइव्ह कधी या संगणकाला तर कधी त्या संगणकाला जोडलेली असते. ज्याला जोडली असेल त्याने तिचा बॅकअप घेतला तर चालेल का? डेटा दुहेरी होणार नाही हे कळले, पण दर वेळी १.४ टीबी पुन्हा वाचले जाणार असेल तर कोणी बॅकअप पूर्ण होऊच देणार नाही.

निळी शाई

शंका रास्त आहे. साठवण आणि वाचन ही दोन कामे वेगळी आहेत आणि दुहेरीपणा टाळला म्हणून वाचनाचा वेळ वाचतोच असे नाही.

रेस्टिक बॅकअप घेताना तुलनेसाठी आधीचा एक स्नॅपशॉट, म्हणजे एका वेळच्या बॅकअपची नोंद, निवडतो. तो निवडताना संगणकाचे नाव आणि बॅकअप घेतलेला मार्ग या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. असा स्नॅपशॉट सापडला की फाइलचा आकार, बदलाची वेळ वगैरे तपासून न बदललेल्या फाइली तो उघडतसुद्धा नाही. सापडला नाही तर मात्र प्रत्येक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, हॅश काढतो, आणि मग "हे सगळे आधीच आहे" असे म्हणून काहीही साठवत नाही. ड्राइव्ह डेस्कटॉपवर ई म्हणून दिसली, लॅपटॉपवर एफ म्हणून आणि मॅकवर व्हॉल्यूम्सच्या खाली, तर मार्ग तीन, संगणकाची नावे तीन, आणि वाचनही तीनदा.

संगणकाचे नाव होस्ट या पर्यायाने हाताने देता येते, म्हणजे ड्राइव्हसाठी कुठूनही "सामायिक" हेच नाव लिहावे. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटमधून ड्राइव्हचे अक्षर कायमचे ठरवता येते. तरीही मॅक आणि विंडोजचे मार्ग जुळणार नाहीत. शिवाय काही फाइल सिस्टिममध्ये फाइलचा आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिमने दिलेला ओळख-क्रमांक) ड्राइव्ह काढून पुन्हा जोडली की बदलतो, आणि मॅक-लिनक्सवर रेस्टिक तोही पाहतो, म्हणून काहीच न बदलता सगळे बदलल्यासारखे दिसू शकते. आयनोड दुर्लक्षित करण्याचा पर्याय आहे. पण इतक्या खुंट्या पिळण्यापेक्षा माझे सरळ मत असे की सामायिक ड्राइव्हचा बॅकअप कायम एकाच यंत्राने घ्यावा, आणि तुमच्याकडे ते यंत्र डेस्कटॉप हेच आहे, कारण तो जागचा हलत नाही. ४ टीबीची ड्राइव्हही त्यालाच जोडून ठेवा. बाकी दोघांनी आपला बॅकअप घरच्या नेटवर्कवरून त्याच भांडारात पाठवावा. त्यासाठी रेस्टिकचाच छोटा सर्व्हर डेस्कटॉपवर चालवता येतो.

याचा आणखी एक लाभ आहे. बॅकअपची ड्राइव्ह फक्त डेस्कटॉपच वाचणार असल्याने ती एक्सफॅट ठेवण्याचे कारण उरत नाही. एक्सफॅटला जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसते आणि लिहिता लिहिता केबल निघाली तर नुकसान मोठे होऊ शकते, म्हणून ती विंडोजच्या एनटीएफएस प्रकारात फॉरमॅट करून टाका. फिरती ड्राइव्ह एक्सफॅट राहू द्या, तिला पर्याय नाही.

पहिल्या बॅकअपआधी वगळायच्या गोष्टींची फाइल मात्र बनवा. तीन संगणकांत फिरणाऱ्या ड्राइव्हवर मॅकच्या डीएस_स्टोअर आणि टिंब-अधोरेषेने सुरू होणाऱ्या फाइली, स्पॉटलाइटची सूची, विंडोजची थम्ब्स फाइल, रीसायकल बिन आणि सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हे फोल्डर असा सगळा पाचोळा साचलेला असतो. जागा फार जात नाही, पण यांपैकी काहींना हात लावायला परवानगी नसते आणि दर वेळी बॅकअपच्या शेवटी लाल अक्षरांत त्रुटी येतात. अशा त्रुटी पाहण्याची सवय झाली की खरी त्रुटीही नजरेआड होते. फक्त टिंब-अधोरेषेवाल्या फाइली वगळण्याआधी थोडा विचार करा. मॅकवर लावलेली रंगीत लेबले वगैरे जास्तीची माहिती एक्सफॅटवर त्यांतच राहते.

सावध

आतापर्यंत सर्वांनी दुहेरीपणा कसा घालवावा हे सांगितले, तो घालवल्याने काय जाते हेही कोणीतरी सांगायला हवे. आज तुमच्याकडे एका फोटोच्या चार गबाळ्या प्रती आहेत. नव्या भांडारात त्याचा एकच तुकडा असेल आणि चारही नोंदी, तसेच मागच्या सर्व तारखांचे स्नॅपशॉट, त्या एकाच तुकड्याकडे बोट दाखवतील. डिस्कचा तेवढा भाग खराब झाला तर त्या भांडारातून तो फोटो कोणत्याही तारखेचा मिळणार नाही. पन्नास स्नॅपशॉट आहेत म्हणजे पन्नास प्रती आहेत असे वाटते, पण प्रत एकच असते.

म्हणून दोन गोष्टी टाळता येणार नाहीत. पहिली म्हणजे तपासणी. रेस्टिकची साधी तपासणी भांडाराची रचना पाहते, प्रत्यक्ष डेटा वाचत नाही. डेटा वाचून हॅश पडताळण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो, आणि सगळे एकदम वाचायचे नसेल तर दर खेपेला दहावा हिस्सा वाचायला सांगता येते. ती सवय लावून घ्या.

दुसरी म्हणजे दुसरे भांडार, वेगळ्या ड्राइव्हवर आणि शक्य तर वेगळ्या वास्तूत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत बाहेर. भांडाराचे फोल्डर नुसते कॉपी-पेस्ट केले तर पहिल्यातला खराब तुकडाही निमूटपणे दुसऱ्यात जातो. रेस्टिकच्या कॉपी आज्ञेने स्नॅपशॉट हलवले तर तुकडा वाचताना पडताळला जातो. पण इथे एक मेख आहे आणि ती पुष्कळांना माहीत नसते. प्रत्येक नवे भांडार तुकडे पाडण्यासाठी स्वतःची स्वैर संख्या निवडते. दुसरे भांडार साधेपणाने तयार केले, त्यात पहिल्यातले स्नॅपशॉट कॉपी केले आणि पुढे एखाद्या संगणकाचा बॅकअप थेट त्यात घेतला, तर तीच फाइल वेगळ्या ठिकाणी तुटते आणि डेटा पुन्हा साठवला जातो. दुसरे भांडार तयार करतानाच पहिल्याची हीच संख्या उचलण्याचा पर्याय द्यावा लागतो. नंतर ते बदलता येत नाही.

आणि पासवर्ड. रेस्टिकचे भांडार कायम एन्क्रिप्टेड असते आणि पासवर्ड हरवल्यास ते उघडण्याचा कोणताही मार्ग नाही. तो कागदावर लिहून त्याच ड्राइव्हला चिकटवू नका, पण लिहून मात्र ठेवा, आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीला त्याची जागा माहीत असू द्या.

निळी शाई यांनी सुचवलेला सर्व्हर "फक्त भर घालता येईल" अशा रीतीने चालवता येतो, हेही नमूद करतो. मग लॅपटॉपमध्ये काही घुसले तरी ते नवे स्नॅपशॉट पाठवू शकते, जुने पुसू शकत नाही.

पारवा

अडगळ यांचा तिसरा प्रश्न राहिला: दुहेरी फाइली उडवाव्यात का? बॅकअप आणि तपासणी झाल्यावर, हवे असेल तर. झ्काव्का आणि डुपगुरू हे प्रोग्रॅम विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतात, लिनक्सवर आरएमलिंटही आहे. तुलना मजकुरावरून करायला सांगा, नावावरून किंवा आकारावरून नको. "सारखे दिसणारे फोटो" शोधण्याची सोय मोहक असते, पण ती लागोपाठ टिपलेल्या दोन फोटोंना एक समजते. तिथे प्रत्येक जोडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बटण दाबू नका.

आणि कुठे शोधू नये, हे अधिक महत्त्वाचे. मॅकच्या फोटोज अ‍ॅपची लायब्ररी एक फाइल दिसते, पण आत हजारो फाइलींचे फोल्डर असते. त्यातली एखादी "दुहेरी" म्हणून उडवली तर लायब्ररीच बिघडते. प्रोग्रॅमांच्या फोल्डरांत आणि संपादनाच्या प्रकल्पांत एकच फाइल मुद्दाम दोन ठिकाणी ठेवलेली असते. शोध फक्त फोटो, कागदपत्रे आणि गाण्यांच्या साध्या फोल्डरांपुरता ठेवा.

अडगळ

सर्वांचे आभार. ड्राइव्ह एनटीएफएस केली, डेस्कटॉपवर रेस्टिक बसवले आणि आधी सामायिक ड्राइव्ह घेतली. तिला सर्वाधिक वेळ लागला, पण तिच्यातच मूळचा बहुतेक डेटा असल्याने पुढचे सोपे गेले. तिची भर सुमारे १.१ टीबी पडली, म्हणजे १.४ टीबीच्या आतच बरीच पुनरावृत्ती होती. डेस्कटॉपचे ६०० जीबी वाचून झाल्यावर भांडारात २०० जीबीचीही भर पडली नाही. लॅपटॉपच्या फोटोंच्या फोल्डरात तर जवळजवळ काहीच नवे निघाले नाही. जे निघाले ते गेल्या सहलीचे होते आणि ड्राइव्हवर कधी गेलेच नव्हते. मॅकसाठी टाइम मशीन वेगळी चालू ठेवावी असा विचार आहे, कारण पूर्ण यंत्र जसेच्या तसे उभे करायचे झाले तर तीच सोयीची वाटते.

एक शंका उरली आहे. जुने स्नॅपशॉट काढून टाकण्याचे नियम तिघांना एकत्र लागतात की वेगवेगळे?

निळी शाई

टाइम मशीन ठेवा, फक्त तिला वेगळी ड्राइव्ह द्या. मॅकमधले तुमचे स्वतःचे फोल्डर मात्र रेस्टिकमध्येही येऊ द्या.

नियम वेगवेगळे लागतात. फर्गेट ही आज्ञा स्नॅपशॉटांचे संगणकाचे नाव आणि मार्ग यांनुसार गट पाडते आणि "सात दिवसांचे, चार आठवड्यांचे, बारा महिन्यांचे ठेव" असा नियम प्रत्येक गटाला स्वतंत्रपणे लावते. त्यामुळे लॅपटॉपचे स्नॅपशॉट जास्त झाले म्हणून सामायिक ड्राइव्हचे उडत नाहीत. मात्र फर्गेटने फक्त नोंद जाते. जागा मोकळी होते ती प्रून चालवल्यावर, आणि तीही फक्त अशाच तुकड्याची, ज्याची कोणत्याही संगणकाच्या कोणत्याही स्नॅपशॉटला गरज उरलेली नाही. एका संगणकाचे सगळे स्नॅपशॉट पुसूनही फारशी जागा मोकळी झाली नाही तर गोंधळू नका, ते तुकडे इतर कोणाच्या तरी नावावर शाबूत आहेत.

प्रून चालू असताना भांडाराला पूर्ण कुलूप लागते, म्हणून तो डेस्कटॉपवरूनच आणि बाकी दोघे बॅकअप घेत नसतील अशा वेळी चालवा. सर्व्हर "फक्त भर" या रीतीने ठेवला असेल तर प्रून त्याच्यामार्फत होणार नाही, ड्राइव्हवरच्या भांडारावर थेट चालवावा लागेल. नव्या ड्राइव्हमध्ये शिंगल्ड पद्धतीचे (कौलांसारखे एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांचे) रेकॉर्डिंग असेल तर प्रूनला बराच वेळ लागू शकतो, ते बिघडल्याचे लक्षण नव्हे.

पुढे कधी लॅपटॉप बदललात तर त्याच्या नावाचा गट भांडारात तसाच राहतो. नियम संख्येवर चालत असल्याने आणि त्या गटात नवी भर पडत नसल्याने त्याचे शेवटचे स्नॅपशॉट आपणहून कधीच पुसले जात नाहीत. नव्या लॅपटॉपवर सगळे आले आहे याची खात्री झाली की ते हाताने काढा आणि मग प्रून चालवा.